प्रौढांची धुळाक्षरे

नाशिक शहराबाहेर, गंगापूर धरणानजीक, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे आवार आहे. त्याचे नाव ‘ज्ञानगंगोत्री’. हे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली, त्यांनाही आपला संसार सांभाळून शिकता यावे, हा त्यामागील हेतू. पुढे २००१ साली राज्यात ‘एमएस-सीआयटी’ हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि सरकारी नोकरांपासून गृहिणींपर्यंत अनेक प्रौढ पुन्हा विद्यार्थी झाले.

लहान मूल संगणकापुढे निःशंकपणे बसते. पन्नाशी उलटलेल्या माणसाचा हात मात्र अडखळतो. चुकीची कळ दाबली तर यंत्र बिघडेल, ही धास्ती त्याच्या मनात असते. शिवाय शेजारी बसणारी मुले नातवंडांच्या वयाची! ज्याने आयुष्यभर नांगर धरला, त्याला तो चिमुकला माउस धरणे अवघड वाटते.

परंतु कळफलक त्याला अगदीच परका नसतो. १९८६ साली ठरलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीत स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला येतात. ‘क’च्याच कळेवर, शिफ्टची कळ दाबून, ‘ख’ मिळतो. ‘ग’च्या कळेवर ‘घ’. ‘क’, मग हलन्त, मग ‘ष’ अशा क्रमाने कळा दाबल्या की पडद्यावर ‘क्ष’ उमटतो. पाटीवर गिरविलेली वर्णमाला अशी पुन्हा कामी येते.

सातबाराचा उतारा आता संगणकावर पाहता येतो. आपल्या जमिनीचा गट क्रमांक स्वतः टंकून पडद्यावर आपले नाव वाचणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही.