पहिला बर्फ, हवामानाचा अंदाज आणि आपला खिसा

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की आपल्या बे एरियातल्या घराघरांत एकच चर्चा असते : "टाहोला दोन फूट बर्फ सांगितलाय, जायचं का स्कीइंगला?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, हवामानतज्ज्ञ नव्हे, पण आकडे तपासायची खोड असल्यामुळे हे अंदाज मी बारकाईने वाचतो. बातम्यांतला 'दोन फूट' हा आकडा बहुधा डोंगरमाथ्याचा असतो. निघायचं की नाही हे ठरवायला आणखी तीन गोष्टी पाहायला हव्यात.

१) स्नो लेव्हल : म्हणजे ज्या उंचीच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो ती पातळी. टाहो सरोवर सुमारे ६,२०० फुटांवर आहे, इंटरस्टेट ८० वरचा डॉनर समिट सुमारे ७,२०० फुटांवर. स्नो लेव्हल ८,००० फूट असेल, तर माथ्यावर बर्फ आणि पायथ्याशी नुसता पाऊस! एक इंच पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ होतो. त्यामुळे ही पातळी हजार फूट वर-खाली झाली, तरी सगळा हिशेब बदलतो.

२) खालचा थर : हंगामाच्या सुरुवातीला जुना, घट्ट बसलेला बर्फ नसतो. नव्या भुसभुशीत बर्फाखाली दगड आणि झाडांचे बुंधे लपलेले असतात. उतारही मोजकेच उघडतात आणि त्यांवर गर्दी उसळते. नवशिक्यांनी आणि मुलांनी उघडलेल्या, मशीनने सारख्या केलेल्या उतारांवरच राहावं, हेल्मेट हवंच.

२०२१ साल आठवा. ऑक्टोबरच्या वादळानंतर पॅलिसेड्स टाहो २९ ऑक्टोबरलाच उघडलं. नोव्हेंबर मात्र बराचसा कोरडा गेला. मग डिसेंबरात डॉनरजवळच्या बर्कली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत २१४ इंच, म्हणजे जवळजवळ अठरा फूट बर्फाची नोंद झाली. तेव्हा बर्फ भरपूर होता, पण महामार्गच बंद पडला!

३) रस्ता : 'विंटर स्टॉर्म वॉच' म्हणजे वादळाची शक्यता, 'वॉर्निंग' म्हणजे ते जवळजवळ नक्की किंवा सुरूच झालेलं. चेन्सचा आर-२ नियम लागू झाला, की चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील गाड्या सोडून सर्वांना चेन्स लावाव्या लागतात, आणि सूट मिळालेल्यांनीही त्या जवळ बाळगायच्या असतात. आर-३ मध्ये कोणालाच सूट नाही. चेन्स आधी घरच्या ड्राइव्हवेत लावून पाहा. भाड्याच्या गाडीला त्या लावायची परवानगी अनेकदा नसते, करार वाचा.

गाडी बर्फात अडकलीच, तर इंजिन चालू करण्यापूर्वी एक्झॉस्ट पाइपभोवतीचा बर्फ काढा. पाइप बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. पोळीभाजीच्या डब्याबरोबर ब्लँकेट, पाणी, टॉर्च आणि नेहमीची औषधंही ठेवा.

आता पैशांचं. वादळ जाहीर झाल्यावर घेतलेला प्रवासविमा सहसा त्या वादळाची भरपाई देत नाही. म्हणून बुकिंग करतानाच विमा घ्या किंवा रद्द करता येणारी खोली निवडा. आणि भरलेले दोनतीनशे डॉलर्स वाया जातील म्हणून वॉर्निंग असताना मुलाबाळांना घेऊन निघू नका. ते पैसे निघालात तरी गेलेले, न निघालात तरी गेलेले. ठरवायचं आहे ते फक्त पुढच्या प्रवासाचं.