बुडणे आणि बुडी मारणे



"या अंकासाठी विज्ञानावर काहीतरी लिहा, पण मुलांना झोप येईल असं नको," असं वर्गाच्या ताईंनी बजावलं आहे. म्हणून आम्ही पाण्याखालचा विषय निवडला. पाण्याखाली झोप येत नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. आम्ही म्हणजे आई, बाबा आणि लेक. लिहिणारा हात बाबांचा आहे. पण बुडी कोणीही एकट्याने मारायची नसते, म्हणून लेखही तिघांच्या वतीने.

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही मॉन्टेरीला स्कूबा शिकायला नाव घातलं. लेक तेव्हा बारा वर्षांची होती. तिने मोठ्या उत्साहाने मालवणला आजीला फोन लावला आणि आपल्या रविवारच्या मराठीत सांगितलं, "आजी, आम्ही तिघं बुडायला शिकतोय."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आजी म्हणाली, "त्येका शिकूक कित्याक व्हया?"

मुलांनो, इथे आपला मराठीचा धडा. बुडणे हे आपोआप होतं, आपल्याला नको असताना होतं. बुडी मारणे हे आपण ठरवून करतो, आणि त्यात परत वर येणं धरलेलंच असतं. बुडी मारणारा माणूस तो पाणबुड्या, आणि पाण्याखालून चालणारं जहाज ती पाणबुडी. स्कूबाचे सगळे नियम हे बुडीचं बुडणं होऊ नये यासाठीच केलेले आहेत.

स्कूबा हा खरा शब्दच नाही. 'सेल्फ कन्टेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग अपॅरेटस' या पाच शब्दांची ती आद्याक्षरं. आपली हवा आपल्या पाठीवर, असा त्याचा सरळ अर्थ. फ्रान्समध्ये १९४३ साली जाक कूस्तो हा आरमारी अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनियर या दोघांनी मिळून 'ॲक्वा-लंग' तयार केलं. आजची साधनं त्याचीच नातवंडं आहेत.

आता तुम्ही विचाराल, एवढी यातायात कशाला? एक लांब नळी घ्यावी, टोक पाण्याबाहेर ठेवावं आणि खाली आरामात बसावं! सिनेमातले नायक बोरूच्या नळीतून श्वास घेत तळ्यात लपतातच की. (महाभारतात दुर्योधनही सरोवरात लपून बसला होता, पण त्याने मायेने पाणी गोठवलं होतं. तेव्हा तो दाखला इथे चालायचा नाही.) नळी चालत नाही याचं कारण पाण्याचं वजन. फक्त एक मीटर खोल गेलात तरी छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम जास्त भार येतो. सगळ्या छातीचा हिशेब केला तर कोणीतरी मोठा माणूस वर बसल्यासारखं होतं. नळीतून येणारी हवा मात्र वरच्या, हलक्या दाबाची असते. छाती फुगणार कशी? रेग्युलेटर नावाची तोंडात धरायची वस्तू हेच काम करते. आपण जितके खोल असू, तितक्याच दाबाची हवा ती टाकीतून काढून देते. आत आणि बाहेर सारखाच दाब, म्हणून श्वास सहज घेता येतो.

समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण इतका असतो. पाण्यात दर १० मीटरला आणखी एक वातावरण वाढतं. म्हणजे १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन, ३० मीटरवर चार. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम तुमच्यापैकी मोठ्या मुलांना शाळेत असेल: दाब दुप्पट केला की हवेचं आकारमान निम्मं होतं. घरी करून पाहायचं असेल तर प्लॅस्टिकची रिकामी, कडक बाटली उलटी धरून तरणतलावाच्या खोल बाजूला, १० फूट खाली, न्यायला एखाद्या पोहणाऱ्या मोठ्या माणसाला सांगा. बाटलीत जवळजवळ पाव भाग पाणी चढलेलं दिसेल. वर आणली की हवा पुन्हा होती तेवढी.

आता बाटलीच्या जागी आपली फुप्फुसं धरा. १० मीटरवर रेग्युलेटरमधून छातीभर श्वास घेतला, तो रोखून धरला आणि वर आलो, तर तीच हवा दुप्पट व्हायला बघते. छाती दुप्पट होऊ शकत नाही. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. पोहायला शिकताना आपण नेमकं उलटं शिकलेलो असतो, डोकं पाण्यात म्हणजे श्वास बंद. ही सवय मोडायला आईला तीन दिवस लागले. मास्क काढून पुन्हा घालायचा सराव असतो, त्यात नाकाला पाणी लागलं की ती दर वेळी श्वास बंद करून उभी राहायची. लेकीने तो सराव पहिल्याच फेरीत केला आणि दप्तर ठेवावं तशी बाजूला होऊन बसली.

बाबांची गोष्ट वेगळी. बाबा इंजिनियर. बॉइलचा आलेख त्यांनी वहीत काढला होता, वर्गात दोन मुलांना समजावलाही होता. मग आम्ही मॉन्टेरीच्या ब्रेकवॉटरशेजारच्या समुद्रात उतरलो. पाणी पन्नास-पंचावन्न डिग्री फॅरनहाइट, अंगात सात मिलिमीटर जाडीचा वेटसूट, कमरेला शिशाची वजनं आणि पाठीवर टाकी. किनाऱ्यावरून चालत पाण्यात जाताना आम्ही तिघं अंतराळवीरांपेक्षा लग्नातले हमाल जास्त वाटत होतो.

दहा फुटांवर बाबांचा डावा कान दुखू लागला. कानाच्या पडद्यामागे हवा असते. बाहेरचा दाब वाढला की तीही आकसते आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की घशातून तिथे हवा जाते आणि कान मोकळा होतो. हे दर दोन-तीन फुटांना, दुखायच्या आधी करायचं असतं. दुखलंच तर थोडं वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. बाबांना हे पाठ होतं. पण लेक खाली वाळूवर गुडघे टेकून वाट पाहत होती. तिच्यासमोर "कान दुखतोय" अशी खूण करायची त्यांना लाज वाटली. त्यांनी नाक धरलं आणि जोर लावून फुंकलं. कानात काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. वर आले तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं.

कानाच्या डॉक्टरांनी सहा आठवडे पाण्याला शिवायचं नाही असं सांगितलं. त्या शनिवार-रविवारी आई आणि लेक पाणबुड्या झाल्या. बाबांनी किनाऱ्यावर बसून टॉवेल सांभाळले.

त्या सहा आठवड्यांत त्यांनी स्वतःचाच आलेख पुन्हा नीट पाहिला. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत हवा निम्मी होते. १० पासून २० पर्यंत ती निम्म्याची तिसरा हिस्सा होते, म्हणजे फरक कितीतरी कमी. सगळ्यात मोठा बदल पहिल्या काही फुटांतच होतो. बाबा भीती बाळगून होते खोल पाण्याची, आणि दुखापत झाली ती उथळ पाण्यात, जिथे आलेखाची रेघ सर्वांत उभी होती. ऑक्टोबरात ते पुन्हा गेले. दर दोन फुटांना थांबत, सगळ्यांच्या मागून, गोगलगाईच्या वेगाने उतरले आणि परीक्षा पास झाले.

मॉन्टेरीला आम्ही काय पाहिलं ते सांगायला वेगळा अंक लागेल. केल्प नावाची समुद्रवनस्पती तळापासून पृष्ठभागापर्यंत झाडासारखी वाढते. हवामान मानवलं तर दिवसाला फूट-दीड फूट. तिच्या मधून ऊन खाली येतं तेव्हा देवराईत उभं राहिल्यासारखं वाटतं. ब्रेकवॉटरच्या दगडांवरचे सी लायन पाण्यात उतरून आपल्याभोवती गिरक्या घेतात आणि तोंडासमोर बुडबुडे सोडतात. पण ही वनं कमी होत चालली आहेत. २०१३ पासून तारामाशांमध्ये मोठी साथ आली, त्यामागोमाग समुद्र तापला. ज्यांना तारामासे खायचे ते जांभळे सी अर्चिन माजले आणि त्यांनी केल्प कुरतडून टाकलं. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर तर मैलोन्मैल तळ उघडा पडला.

डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही हवाई बेटांवर कोनाला गेलो ते रात्रीची बुडी मारायला. तिथे विमानतळाजवळच्या एका उपसागरात अंधार पडल्यावर तळावर मोठे दिवे लावतात. दिव्यांकडे सूक्ष्म जीव गोळा होतात आणि ते खायला मँटा येतात. मँटा म्हणजे प्रचंड मोठी पाकट, पण हिला शेपटीत काटा नसतो. आम्ही वर्षभर पैसे साठवले होते आणि ती आमची शेवटून दुसरी रात्र होती.

दोराला धरून आम्ही उतरू लागलो. पंधराएक फुटांवर लेकीने टॉर्चच्या उजेडात अंगठा वर केला. जमिनीवर अंगठा म्हणजे "मस्त!" पाण्याखाली त्याचा अर्थ एकच, "वर जायचं." (मस्तसाठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात.) आमच्या प्रशिक्षकांनी शिकवलेला दुसरा मोठा नियम हा, की कोणीही, कधीही, कारण न देता बुडी थांबवू शकतो आणि त्याला "का?" असं विचारायचं नाही. खाली दिवे दिसत होते. एक काळी सावली त्यांच्यावरून सरकलेलीही बाबांनी पाहिली. पण आम्ही तिघंही वर आलो. होडीत बसून गरम सूप प्यायलो. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी लेक आपणहून बोलली. अंधारात तिला स्वतःच्या श्वासाचा आवाज भराभर ऐकू येत होता आणि तो हळू करता येत नव्हता. तिच्या बाबांना तेव्हा आपला डावा कान आठवला. दहा फुटांवर हाच अंगठा त्यांना वर करता आला नव्हता.

"आज रात्री पुन्हा जाऊ या का?" असं तिनेच विचारलं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी आमचं विमान होतं. बुडीनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं. याचं कारण सोड्याच्या बाटलीत आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाबाखाली श्वास घेतला की तो जास्त प्रमाणात रक्तात विरघळतो. सावकाश वर आलं तर सावकाश निघून जातो. दाब एकदम कमी झाला तर झाकण उघडल्यावर सोड्यात येतात तसे रक्तात बुडबुडे येतात आणि उंचावरच्या विमानात दाब कमीच असतो. म्हणून वर येताना मिनिटाला ३० फुटांहून जास्त वेगाने यायचं नाही आणि १५ फुटांवर तीन मिनिटं थांबायचं. किती वेळ, किती खोल हे तक्ते प्रथम जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली प्रसिद्ध केले. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन वयाच्या तेराव्या वर्षी, वडिलांच्या प्रयोगांच्या वेळी, मापाला मोठा पडणारा पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरला होता. पुढे तो नामवंत शास्त्रज्ञ झाला, १९५७ साली भारतात येऊन राहिला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

तर मँटा राहिली. ती पाहिली २०२२ मध्ये, लेक सोळा वर्षांची असताना. तळावर पाठ टेकून आम्ही दिव्यांशेजारी पडून होतो. दहा-बारा फूट पंखांची मँटा तोंड उघडून सरळ आपल्या चेहऱ्याकडे येते, वीतभर अंतरावरून वर वळते आणि कोलांटी मारून पुन्हा येते. प्रत्येकीच्या पोटावरचे ठिपके वेगळे, त्यावरूनच त्यांना ओळखतात. हात लावायचा नाही, कारण अंगावरचा बुळबुळीत थर निघाला तर तिला अपाय होतो. लेक पाऊण तास हलली नाही.

इथे मोठ्या मुलांसाठी एक गणित. टाकीतली हवा पृष्ठभागावरच्या दाबाने मोजली तर साधारण २२०० लिटर भरते. मिनिटाला २० लिटर श्वास घेणाऱ्याला ती पृष्ठभागावर ११० मिनिटं पुरेल, १० मीटरवर ५५. मग ३० मीटरवर किती? आणि घाबरून श्वास दुप्पट झाला तर? उत्तरं रविवारी घेऊन या.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही मालवणला गेलो. मालवणचा हा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाजवळ, खडकांच्या बाजूला होडी उभी केली. पाणी कोनासारखं आरपार नव्हतं, पंधरा-वीस फुटांपुढे सगळं हिरवं. वर आल्यावर लेक होडीतल्या गाइडला इंग्रजी नावं सांगत होती, स्नॅपर, ग्रूपर, रे. तो एकेकाचं बारसं करत होता: तांबोशी, गोबरा, पाकट. होडीत आजी बसली होती. सगळा जन्म समुद्राकाठी गेला, पण डोकं पाण्याखाली कधी घातलं नव्हतं. ती प्रत्येक नावाला कालवण कसं करायचं ते सांगत होती.

मग काय वाटलं कोण जाणे, तिने लेकीचा मास्क मागितला. आम्ही तिला लाइफ जॅकेट घातलं. लेकीने तोंडात स्नॉर्कलची नळी दिली. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून, दोन्ही हातांनी होडी घट्ट धरून, आजीने तोंड पाण्यात घातलं. नळीतून आवाज येईना. पाच सेकंद गेले, दहा गेले.

"आजी, श्वास घे!" लेक पाण्यातून ओरडली. "रोखू नकोस, घे!"

नळीतून फुस्स आवाज आला. मग पुन्हा एकदा. मग बराच वेळ, सावकाश, एका लयीत. शेवटी आजीने डोकं वर काढलं, नळी तोंडातून काढली आणि म्हणाली, "अगो बाय, ह्यो तर गोबरो! आणि केदो मोठो!"