शाळेच्या गाड्यांचा धूर

चुलीत ओले लाकूड घातले असता घर धुराने कसे भरते, हे आपणांस ठाऊक आहे. मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत हजारो मुले बसगाडीने शाळेस जातात. ती गाडी डिझेलवर चालत असेल, तर तिच्या नळीतून निघणारी काजळी चुलीच्या धुराहून कमी घातक नव्हे. तिचे सूक्ष्म कण थेट फुप्फुसांच्या तळाशी जातात. डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली ठरविले. मुले वजनाच्या मानाने प्रौढांहून अधिक हवा आत घेतात, यास्तव हानीही त्यांस अधिक.

पहिला उपाय वायूचा. मुंबईनजीक समुद्रात ‘बॉम्बे हाय’ येथे १९७४ साली तेल व वायू सापडला. हा वायू हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबून नळकांड्यांत भरतात व त्यावर गाडी चालवितात. त्यास सीएनजी म्हणतात. तो जळताना काजळी फारच थोडी होते. वायू पुरविण्याकरिता महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली. पुढे १९९९ साली धुराने गांजलेल्या नागरिकांची याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली आणि जुन्या टॅक्स्यांस वायूकडे वळावे लागले. मात्र नळकांड्यांची तपासणी दर ३ वर्षांनी झालीच पाहिजे. गाडीचा रंग नवा आहे एवढ्यावर पालकांनी समाधान मानू नये.

दुसरा उपाय विजेचा. विजेच्या गाडीस धुराची नळीच नसते. परंतु ती वीज येते कोठून? उपनगरांस वीज पुरविण्याकरिता डहाणू येथे ५०० मेगावॉटचे केंद्र उभारले गेले, व तेथे दगडी कोळसा जळतो. मुलुंडच्या मुलाच्या नाकापासून दूर गेलेला धूर डहाणूच्या खेडुताच्या मुलाजवळ जात असेल, तर काम अर्धेच झाले. तरीही डिझेलपेक्षा वीज बरी, असे माझे मत आहे. कारण एका धुराड्यावर गाळणी बसविणे हजारो नळ्यांवर बसविण्याहून सोपे, आणि सूर्यापासून मिळणारी वीज वाढेल तसतसा कोळसा कमी होईल.

खर्चाची अडचण खरी आहे. विजेची गाडी महाग, आणि तो भार अखेर पालकांच्या शुल्कावर येतो. तथापि महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते व तीत पालकांचा प्रतिनिधी बसतो. गाडी कोणत्या इंधनावर चालते, नळकांडे केव्हा तपासले, आणि शाळेच्या दाराशी उभी असता तिचे इंजिन बंद ठेवतात काय, हे प्रश्न त्याने तेथे विचारावे. शेवटच्या गोष्टीस तर एक पैसाही लागत नाही.