बोट गेल्यानंतरचे कागद

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी बरीच वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो. पॉवर प्रेसखाली बोटं जातात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर काय करायचं, हे मात्र कामगाराला कुणी सांगत नाही.

१. जखमीबरोबर युनियनचा माणूस गेलाच पाहिजे. सुपरवायझर घाईने खासगी दवाखान्यात नेतो, बिल कंपनी भरते आणि मालक दिलदार वाटतो. पण केसपेपरवर ‘घरी पडून जखम’ असं लिहिलं गेलं, की पुढचं सगळं अवघड होतं. एका कंत्राटी पोराची तर्जनी दोन पेरांवर तुटली होती. हात कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेला, रक्त कोपरापर्यंत ओघळलेलं. आणि कॅज्युअल्टीच्या बाकावर ठेकेदाराचा माणूस त्याच्या डाव्या हाताचा अंगठा एका कागदावर उठवत होता : ‘माझ्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला, माझी काही तक्रार नाही.’ मी तो कागद थांबवला आणि डॉक्टरांकडून ‘कारखान्यात प्रेसवर काम करताना’ असं वेळेसकट लिहून घेतलं. पुढे तोच केसपेपर कामी आला.

२. असा कागद आधीच दिला गेला असेल, तरी घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायदा मानत नाही. हे घरच्यांनाही समजावून सांगा, कारण दबाव घरी जाऊन टाकतात.

३. मशीनचा फोटो लगेच काढा. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय असते. प्रॉडक्शन वाढावं म्हणून त्यातलं एक बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेलं असतं, आणि सुपरवायझर ते रोज बघत असतो. अपघातानंतर सगळ्यात आधी नाहीशी होते ती ही पट्टी. मग ‘कामगारानेच सुरक्षा काढली’ असा जबाब तयार होतो. ईएसआयमध्ये (राज्य कामगार विमा योजनेत) नसलेल्या कामगाराला लागू होणाऱ्या नुकसानभरपाईच्या कायद्यात मालकाला हा बचाव घेता येतो.

४. अपघात नोंदवहीतली नोंद आणि ईएसआयला गेलेला अहवाल, दोन्हींची प्रत घ्या. तोंडी ‘पाठवलंय’ वर विसंबू नका.

५. टक्के सोडू नका. बरं होईपर्यंत ईएसआय पगाराच्या ९० टक्के देते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यानंतर मेडिकल बोर्डापुढे जायचं असतं, आणि ‘नोकरी आहे ना’ म्हणून कितीतरी जण जातच नाहीत. कमाईची क्षमता किती गेली, याचे टक्के कायद्याच्या परिशिष्टात ठरलेले आहेत : अख्ख्या तर्जनीला १४ टक्के, तिच्या दोन पेरांना ११, अंगठ्याला ३०, एका हाताच्या चारही बोटांना ५० टक्के. त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते, ती आयुष्यभर, नोकरी चालू असली तरी. सांधा आखडला असेल, पकड येत नसेल, तर तेही बोर्डाला दाखवा. टक्के कमी धरले तर तीन महिन्यांत अपील करा.

६. ही लढाई पगारवाढीच्या करारातही लढायची असते. २०१७ पासून ईएसआयची पगारमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे. करार झाला, पगार त्यापुढे गेला, की कायम कामगार ईएसआयबाहेर पडतो आणि नुकसानभरपाईच्या कायद्याखाली येतो. तिथे हिशेबाला पगार धरतात जास्तीत जास्त १५,०००. म्हणून गट अपघात विमा आणि भरपगारी रजा करारात हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पर्यायी काम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आस्थापनेला नोकरीत अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही. एसटीच्या चालकाला त्याचा आधार आहे, खासगी कारखान्यातल्या प्रेस ऑपरेटरला नाही. त्याला जे मिळेल ते करारातूनच. वाढ थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण हे कलम सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

७. ईएसआयचा आणि १९२३ चा नुकसानभरपाईचा, हे दोन्ही जुने कायदे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत. फॉर्मची नावं बदलतील, पण पुरावा लागणारच.

८. कंत्राटी कामगार आपला सभासद नसेल, पण प्रेस तीच आहे. त्याची ईएसआय नोंदणी कित्येकदा अपघात झाल्यावर धावतपळत होते आणि तारखेवरून वाद उभा राहतो. खरं तर कामावरच्या अपघाताला आधी किती वर्गणी भरली, हे बघत नाहीत. कामाच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. तेव्हा कमिटीवर असाल, तर आपल्या शॉपमधल्या प्रत्येक कंत्राटी पोराचा ईएसआय नंबर आणि नोंदणीची तारीख याच आठवड्यात तपासून घ्या.