रोजचं जेवण साधं ठेव

काचीगुडा, हैदराबाद

चि. बाळास,


तुझ्या आईचा फोन आला होता. मियापूरच्या नव्या घरात तुमचं बस्तान बसलं, दोघांच्याही नोकऱ्या नीट चालल्या आहेत, हे ऐकून बरं वाटलं. बोलता बोलता ती म्हणाली की तुमच्याकडे स्वयंपाक फक्त रविवारी होतो. तोही मोठा, चार-पाच पदार्थांचा. मग दोघंही इतके दमता की आपापला फोन हातात घेऊनच जेवता. बाकीच्या दिवशी ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो काहीतरी मागवतो. तिने मला तुला काही सांगायला लावलेलं नाही. मीच लिहिते आहे, कारण फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ म्हणून मोकळा होशील, आणि मला तर हे तू सावकाश वाचायला हवं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: रोजचं जेवण साधं ठेव. इतकं साधं, की ते करून झाल्यावर दोघांच्याही अंगात बोलायला जीव उरेल. जेवणात चार पदार्थ कमी असले तर संसाराचं काही बिघडत नाही. पण दिवसातून एकदाही दोघांनी निवांत बसून इकडचं तिकडचं बोलायचं नाही, असं वर्षभर चाललं तर बिघडतं. तुमच्या लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही, म्हणून आत्ताच सांगते.

जुनं ते सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. गौलीगुड्यातल्या आमच्या सासरच्या घरात रोज पंधरा-वीस पानं उठायची. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे होते. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं, विवेक वर्धिनी ही मराठी शाळा त्याच्याही आधीची. त्यामुळे नांदेड-परभणीकडची शिकायला आलेली मुलं इथल्या मराठी घरांतून राहायची, काही वार लावून जेवायची. ते मोठंच काम होतं आणि त्या घरांनी ते मनापासून केलं. पण पुरुषांची पंगत आधी, मग मुलांची, आणि बायका शेवटी. भाजी संपलेली, भात गार झालेला, आणि बोलायला समोर दुसरी तितकीच दमलेली बाई. माझ्या सासूबाई आणि सासरे एका वेळी, समोरासमोर बसून जेवल्याचं मी फार क्वचित पाहिलं. तसलं घर तुला परत उभं करायला मी सांगत नाही. तुम्ही दोघंच आहात, दोघंही कमावता, आणि एकाच वेळी जेवायला बसणं तुमच्या हातात आहे. आमच्या पिढीतल्या बायकांना जे मिळालं नाही ते तुझ्या बायकोला मिळायलाच हवं, आणि त्यासाठी तुला शेगडीपाशी उभं राहावं लागेल.

तेव्हा आधी वरण शीक. तुरीची डाळ धुऊन अर्धा तास भिजत ठेव. हळद, हिंग, तेलाचा थेंब घालून कुकरला लाव, आणि डाळ मऊ झाल्याशिवाय चिंच, टोमॅटो किंवा आंबट पाला घालू नकोस, आंबटात डाळ शिजत नाही. हे एवढं हाती आलं की त्याच डाळीचे किती प्रकार होतात बघ. मीठ, तूप, लिंबू म्हणजे साधं वरण. चिंचेचा कोळ, कढीपत्ता, सुक्या मिरच्या आणि लसणाची फोडणी म्हणजे इथली खट्टी दाल. त्यात जरा गूळ आणि काळा मसाला गेला की आपली आमटी. वेगळी शिजवून घोटलेली अंबाडी घातली की शेजारच्या तेलुगू घरातलं गोंगुरा पप्पू. गेली कित्येक वर्षं आमच्या जिन्यात या चारही वाट्या खालीवर फिरताहेत आणि आम्हा शेजारणींना त्या सगळ्याच आपल्या वाटतात.

भाकरीचं ओझं घेऊ नकोस. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते उकळत्या पाण्यात भिजवून मळावं लागतं. हात बसायला काही महिने जातात. तोपर्यंत विकत घे. संध्याकाळी हैदराबादच्या कितीतरी रस्त्यांच्या कडेला बायका चूल किंवा गॅस मांडून जोन्न रोट्टे थापत असतात. ती आपली भाकरीच. दोन घेऊन ये, घरी पिठलं कर, वर कच्चा कांदा आणि जवसाची नाहीतर कारळाची चटणी. तुझ्या आईकडून चटण्यांचे डबे मागून घे, नांदेडहून येणारं कोणी ना कोणी असतंच. आणखी एक वाटी दही ठेवलं की झालं जेवण. अर्ध्या तासात होतं. अडीनडीला धपाटे आहेत, फोडणीचा भात आहे, मेतकूट-भात आहे. बिर्याणी मात्र बाहेरचीच खा. ती ज्यांचं आयुष्य त्यात गेलं आहे त्यांच्या हातची खावी, आणि चार मित्र बोलावून खावी.

या साध्या जेवणात काही कमी आहे, असं तुला वाटेल तर तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था तुझ्याच गावात आहे. 1918 साली कुन्नूरला बेरीबेरीच्या तपासासाठी एका लहानशा खोलीत हे काम सुरू झालं आणि 1958 साली ही संस्था हैदराबादला आली. तिथल्या डॉ. सी. गोपालन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनमधल्या गरीब ज्वारी खाणाऱ्या लोकांना होणाऱ्या पेलाग्राचा अभ्यास केला. सकाळ-संध्याकाळ नुसती ज्वारी, आणि तिच्या जोडीला फारसं काही नाही, अशा माणसांना तो रोग गाठायचा. ज्वारीत दोष शोधत बसण्यापेक्षा मी त्यातून एवढं घेतलं की भाकरी एकटी खाऊ नये. धान्यात जे लायसिन कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत जे कमी पडतं ते धान्य पुरवतं. आपल्या आज्यांना ही नावं माहीत नव्हती, पण ज्यांच्या घरी डाळ होती त्या भाकरीबरोबर वरण वाढत होत्या. याच संस्थेने 2024 साली काढलेल्या मार्गदर्शनात निम्मं ताट भाज्या आणि फळांनी भरा असं सांगितलं आहे, आणि मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. तुम्ही मागवता त्या डब्यांत निम्मं ताट भाजी कधी असते का, हे एकदा उघडून बघ.

भाजीवर आले आहे तर आता माझ्या मनातलं खरं सांगते. गप्पा जेवताना होतात असं लोक म्हणतात. माझ्या मते त्या त्याआधी, भाजी निवडताना होतात. मेथी, चुका, अंबाडी, चवळई, वाटाण्याच्या शेंगा, काहीही असो. दोन माणसं ताटाभोवती बसलेली असतात, हात चाललेले असतात, नजर पानांवर असते. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नसतं, म्हणून एरवी ओठांवर न येणारी गोष्ट सहज बाहेर पडते. माझ्या सासूबाई 1948 सालाबद्दल कधी बोलायच्या नाहीत. रझाकारांच्या धामधुमीत कितीतरी कुटुंबं संस्थानाची हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली, त्यात त्यांचं माहेर होतं, एवढंच आम्हाला ठाऊक. कोणी मुद्दाम विचारलं तर त्या उठून जायच्या. पण पावसाळ्यातल्या एका दुपारी अंबाडी निवडता निवडता त्यांनी आपणहून सगळं सांगितलं: घराला कुलूप लावून रात्री निघालो ते, गाय सोडून दिली ते, आणि परत आल्यावर शेजारच्या मुसलमान बाईने जपून ठेवलेली भांडी दारात आणून दिली ते. मी एक शब्दही मधे बोलले नाही, देठ खुडत राहिले. मला वाटतं, समोर बसून ‘सांगा ना’ म्हटलं असतं तर त्या ते सोबतच घेऊन गेल्या असत्या.

म्हणून निवडलेली, चिरलेली, पिशवीत बंद केलेली भाजी रोज आणू नकोस. वेळ नसेल त्या दिवशी आण, माझी हरकत नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी अख्खी जुडी घरात येऊ दे आणि दोघांनी ती निवडा. तुमच्याजवळ कुकटपल्लीचा रैतू बाजार आहे. हे बाजार 1999 साली सुरू झाले ते शेतकऱ्याने आपला माल थेट विकावा म्हणून. तिथे जाताना तिलाही घेऊन जा. कोणती भेंडी कोवळी, दोडका आज का महाग, चिंच जुनी घ्यावी की नवी, यावर दोघं नवराबायको वाद घालत चाललेली मला फार आवडतात.

आता बोलायचं काय, तर काहीही. ‘दिवस कसा गेला’ असं विचारू नकोस. त्याला ‘बरा’ याशिवाय उत्तर नसतं. आज मेट्रोत जागा मिळाली का, कॅन्टीनमध्ये पुळिहोरा होता का, त्या तुमच्या टीममधल्या मुलीच्या बहिणीचं लग्न ठरलं का, असं लहानसं विचार. उत्तर आलं की ते पूर्ण ऐक. तिने अडचण सांगितली की लगेच उपाय सांगायला धावू नकोस. तुम्हा इंजिनिअर मुलांना ती सवय फार आहे. पुष्कळदा माणसाला उपाय नको असतो, ऐकणारा हवा असतो. घराचा हप्ता, दोन्हीकडच्या आईवडिलांबद्दलच्या तक्रारी, कोणाचा पगार किती वाढला, हे विषय ताटावर आणू नकोस. ते बोलायलाच हवेत, पण त्यांच्यासाठी रविवारची सकाळ ठेव, चहाच्या वेळी, कागद-पेन घेऊन. आणि पहिल्याच घासाला ‘मीठ कमी आहे’ म्हणू नकोस. मीठ वाढून घे. मग पुढच्या वेळी स्वयंपाक करताना सांग.

कधी काही बोलावंसं वाटणार नाही. तेही चालतं. गप्प बसून शेजारी जेवणं आणि फोनमध्ये डोकं घालून शेजारी जेवणं यातला फरक समोरच्याला लगेच कळतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कार्यालयाचा फोन येण्याची वेळ असेल तर आधी सांग, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही.

तुझी पाळी रात्रीची लागते, अमेरिकेच्या वेळेवर, हे मला माहीत आहे. मग रात्रीच्या जेवणाचा हट्ट नको. सकाळी तू येतोस आणि ती निघते त्यामधली वीस मिनिटं असतील, ती धरा. उपमा, सुशीला, दही-पोहे, कालच्या पोळीचा कुस्करा, आणि चहा. एका घरात दिवसातून एकदा एकत्र खाल्लं जावं, मग ते कितीही वाजता असो.

एक गोष्ट मराठीबद्दल. तुम्ही दोघंही दिवसभर इंग्रजीत काम करता, लिफ्टमध्ये तेलुगूत बोलता, रिक्षावाल्याशी दखनीत. हे उत्तमच आहे, या शहरात चारही भाषा यायलाच हव्यात. इथे मराठी टिकावी म्हणून आपल्या लोकांनी कष्ट घेतले आहेत. मराठी ग्रंथ संग्रहालय 1922 पासून आहे, साहित्य परिषद 1937 पासून. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा वेगळा होऊन मुंबई राज्यात गेला, आपली निम्मी नाती राज्याच्या सीमेपलीकडे राहिली, तरी या संस्था चालत राहिल्या. पण उद्या तुम्हाला मूल झालं तर ते मराठी शिकेल ते पुस्तकांच्या कपाटातून नाही. ‘अजून थोडा भात घे’, ‘साय कोणी खाल्ली’, ‘तिखट लागलं का रे’, हे रोज कानावर पडून शिकेल. त्या घरात जेवताना कोणी बोलतच नसेल तर त्याने ऐकायचं काय? तेव्हा ताटावरची मराठी आत्तापासून चालू असू दे.

आणि शेजाऱ्यांशी वाटी चालू ठेव. उगादी आणि पाडवा एकाच दिवशी येतात. त्यांची पचडी आली की आपली पुरणपोळी जाऊ दे. त्यांच्याकडे तिला बक्षालू म्हणतात आणि आवडीने खातात. ईदेचा शीर खुर्मा आला तर त्या वाटीत नंतर काहीतरी घालूनच ती परत कर, निदान मूठभर चिवडा. नव्या इमारतींत लोक एकमेकांची नावं नोटिसांवरून ओळखतात असं तुझी आई म्हणत होती. सुरुवात तुम्ही करा. कोणीतरी करावीच लागते आणि मियापूरला तुम्हाला दुसरं कोणी नाही.

हे सगळं एकदम करायला जाऊ नकोस. या आठवड्यात फक्त डाळ शिजव, दोन भाकरी विकत आण आणि तिला हाक मारून एका वेळी जेवायला बस. जमलं की मला फोन कर. नाही जमलं तरी कर. डाळ कच्ची राहिली तर कुठे चुकलं ते सांगेन. सूनबाईला आशीर्वाद. हे पत्र तिलाही वाचायला दे.

कळावे,
तुझी मावशी