सीझन संपला, आता पोरीला जेवू द्या

कोल्हापूर जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी १७ वर्षांची, दिल्लीत राहून सायकलिंगचा सराव करते. सीझनच्या सुरुवातीला वेळ चांगली येत होती, शेवटच्या दोन शर्यतींत मात्र ती मागे पडली. वजन उतरवलं तरी वेग वाढेना. चार महिने पाळी आलेली नाही. कोच म्हणतात थांब, मुलगी म्हणते सराव बुडेल. आता कुणाचं ऐकायचं?

ताई, कोचचं ऐका. आणि पाळीची तपासणी पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

असे आईवडील मला दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात नेहमी भेटतात. इंदिरा गांधी स्टेडियमच्या आवारात २५० मीटरचा लाकडी व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतीचा ट्रॅक आहे. त्याच्या ओढीने महाराष्ट्रातली कितीतरी मुलं दिल्लीत येतात. कोल्हापूरच्या पूजा दानोळेने खेलो इंडियात पदकं मिळवली. मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या टीम स्प्रिंटमध्ये उतरल्या. त्यांना पाहून गावोगावच्या मुली पॅडल मारू लागल्या, याचा मला फार आनंद आहे. म्हणूनच त्यांची हाडं आणि रक्त विशीच्या आत झिजलेलं मला बघवत नाही.

पाळी बंद होणं म्हणजे मुलगी ‘फिट’ झाली, हा समज क्रीडांगणांवर घट्ट रुजला आहे. तो साफ चुकीचा आहे. खर्च होते तेवढी ऊर्जा पोटात जात नसेल, तर शरीर काटकसर सुरू करतं. आधी पाळी थांबते, मग हाडांची भर थांबते, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही आणि शेवटी वेगही जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि तिच्यात मुलग्यांनाही धरलं. मुलग्यांना पाळीसारखी उघड खूण नसते, त्यामुळे त्यांचं दुखणं जास्त लपून राहतं. तीन महिने पाळी चुकली की डॉक्टर गाठायचा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड जीवनसत्त्व आणि पाळी थांबण्याची इतर कारणं तपासून घ्यायची. गोळ्या देऊन नुसता रक्तस्राव आणणं हा इलाज नव्हे, त्याने मूळ दुखणं झाकलं जातं.

फेरिटिनचं विशेष सांगतो. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी साठ्यातलं लोह संपलेलं असू शकतं, आणि मग चढावर पाय जड होतात. जेवणाला लागून चहा घेण्याची सवय आधी मोडा. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्ट पाहिल्याशिवाय घेऊ नका.

हाडांचं दुखणं सायकलपटूंच्या ध्यानात येत नाही, कारण सायकलवर शरीराचा भार खोगीर पेलतं. धावणाऱ्या मुलीच्या हाडांना जो ठोका बसतो, तो हिच्या हाडांना मिळत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं, दोरीवरच्या उड्या आणि जिने चढणं हवंच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. वसतिगृहात भाकरी मिळत नसेल तर घरून पीठ पाठवा, सकाळी आंबील करता येते. तासापेक्षा जास्त सराव असेल तेव्हा दर तासाला एक-दोन केळी किंवा तेवढंच पिठूळ-गोड काही पोटात गेलं पाहिजे. सायकलवरून उतरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दूध, अंडी, पोहे, जे असेल ते.

आता विश्रांती. शेवटच्या शर्यतीनंतर आठ-दहा दिवस सायकल भिंतीला लावून ठेवायची. चाला, पोहा, बॅडमिंटन खेळा, झोपा. या वयात रात्रीची ८ ते १० तास झोप लागतेच. दोन आठवड्यांच्या खंडाने दम थोडा कमी होतो, पण त्याचं मोठं कारण रक्तातला द्रवभाग घटणं हे असतं, आणि तो सराव सुरू होताच लवकर भरून येतो. पुढचे सहा-आठ आठवडे लांब पण सावकाश चालवायचं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकंच. दर चौथा आठवडा हलका ठेवायचा. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजून वहीत लिहा. ती तीन-चार दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त राहिली, झोप उडाली, उगाच रडू येऊ लागलं, तर त्या दिवशी सराव नाही.

सुट्टीनंतर गुडघा दुखला तर आधी सीट बघा. मागे एक मुलगा गुडघ्याच्या वाटीमागच्या दुखण्याने आला होता. सीटपोस्टवर त्याने काळ्या चिकटपट्टीची खूण केलेली, वर्षभर तिथेच. दरम्यान तो दोन सेंटिमीटर उंच झाला होता. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघ्याला २५ ते ३५ अंशांचा बाक हवा. सीट खाली राहिली तर पुढून दुखतं, जास्त वर गेली तर मागून. वाढत्या मुलांची मापं दर दोन-तीन महिन्यांनी घ्यायला हवीत.

दिल्लीची हवा हा वेगळाच प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आशियाई ट्रॅक अजिंक्यपद इथेच झालं. अशा तारखांसाठी पाया घालायचे महिने म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि नेमके तेव्हाच कस्तुरबा गांधी मार्गावरून इंडिया गेटकडे जाताना डोळे चुरचुरतात. जोरात पॅडल मारणारा खेळाडू मिनिटाला १०० लिटरच्या वर हवा आत घेतो. बसलेला माणूस सात-आठ लिटर घेतो. माझा नियम असा: हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २००च्या वर गेला की फक्त हलकं चालवणं, ३००च्या वर बाहेर सराव बंद. मग खोलीत रोलरवर सायकल आणि हवा शुद्ध करणारं यंत्र. व्हेलोड्रोमचं छप्पर ऊन अडवतं, सूक्ष्म धूळ अडवत नाही. पहाटेची आवड हिवाळ्यात सोडा, कारण थंड हवेत धूर जमिनीलगत बसतो. दुपारी एक ते चार त्यातल्या त्यात बरं. मे-जूनमध्ये उलट, तेव्हा पहाटच हवी. आणि वेळापत्रकात बसत असेल तर विश्रांतीचे दिवस दिवाळीला लावून मुलीला घरी बोलवा. स्वच्छ हवा आणि आईच्या हातचं जेवण, दोन्ही मिळेल.

याच दिवसांत खोकला लागतो आणि मुलं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून बाटली आणतात. आपल्याकडच्या कित्येक कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं. ते उत्तेजकांच्या बंदी यादीत बाराही महिने आहे आणि नमुना सुट्टीतही घेतला जाऊ शकतो. लेबलवर ते नाव दिसलं तर बाटली परत करा. दम्यामुळे एखादं औषध लागणारच असेल, तर ते बंदी यादीत आहे का हे आधी बघा आणि गरज पडल्यास राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्थेची (नाडा) लेखी सूट घ्या.

ताई, मुलीला डॉक्टरांकडे नेताना नाडीची वही, पाळीच्या तारखा, जुने रक्ताचे रिपोर्ट आणि ती घेत असलेल्या पावडरींचे डबे, सगळं पिशवीत घालून न्या. जमलं तर कोचलाही सोबत बोलवा.