ज्ञानकोशांतील वादळाची पारख

बाजारांतून मडकें आणावयाचें तर तें बोटानें वाजवून घ्यावें, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. मडकें फुटकें निघालें तर फार तर ओटा भिजेल. परंतु माहिती फुटकी निघाली, तर तिच्या आधारावर लिहिलेला निबंध, केलेलें भाषण आणि प्रसंगीं एखाद्या गांवानें संकटाविरुद्ध केलेली तयारीही फुकट जाते. असें असूनही जो चोखंदळपणा आपण मडक्याच्या बाबतींत दाखवितों, तो वाचलेल्या मजकुराच्या बाबतींत क्वचितच दाखवितों. पडद्यावर दिसलें तें खरें, असें मानून पुष्कळ विद्यार्थी विकिपीडियांतील उतारा वहींत उतरवून मोकळे होतात. म्हणून ज्ञानकोशांतील एखादा लेख कसा पारखावा, याचा थोडा विचार या पाठांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मराठींत ज्ञानकोश ही वस्तु नवी नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. पुढें वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोश निघूं लागला व त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर आला. अशा कोशांत मजकुराची जबाबदारी घेणारे संपादक नांवानिशीं पुढें उभे असतात. विकिपीडियाची रचना निराळी आहे. इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्यें व मराठी विकिपीडिया मे २००३ मध्यें सुरू झाला. तेथें कोणासही लिहितां येतें आणि दुसऱ्यानें लिहिलेलें सुधारतांही येतें. हेंच त्याचें बळ, आणि धोकाही यांतच आहे. तेथें वाचकालाच अर्धा संपादक व्हावें लागतें. त्यासाठीं साधनेंही दिलेलीं आहेत. लेखाच्या माथ्यावरील ‘चर्चा’ या ठिकाणीं मजकुराविषयीं झालेले वाद वाचावयास मिळतात, आणि ‘इतिहास’ या ठिकाणीं कोणता शब्द कधीं बदलला याची नोंद असते. इंग्रजी आवृत्तींत तर लेखांची प्रतवारीही लावलेली असते. परंतु प्रतवारी म्हणजे दुसऱ्यानें वाजवून पाहिलेलें मडकें. आपण एकदां वाजवून पाहण्यास हरकत नसावी.

उदाहरणासाठीं आपल्या ओळखीचेंच वादळ घेऊं. अरबी समुद्रांत जन्मलेलें ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजीं दुपारीं अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. तेथून तें घाट चढून पुणे जिल्ह्यांत शिरलें आणि ईशान्येकडे जातां जातां त्याचा जोर ओसरला. रायगड जिल्ह्यांत मुरुड, श्रीवर्धन आणि रत्नागिरी जिल्ह्यांत दापोली, मंडणगड या बाजूस नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आपल्या मावळांत घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब पडले आणि फुलशेतीचीं पॉलिहाउसें फाटून गेलीं. आतां या वादळावरील कोणताही कोशलेख समोर ठेवा आणि त्याला पुढील पांच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : साक्षीदार कोण? चांगल्या लेखांत प्रत्येक महत्त्वाच्या विधानाशेजारीं लहानसा आंकडा असतो. तो आपणांस आधाराकडे नेतो. त्या आधारापर्यंत खरोखर जावें. वादळाचा मार्ग, वायुभार आणि वाऱ्याचा वेग यांचा अधिकारी साक्षीदार म्हणजे भारतीय हवामान विभाग. हा विभाग १८७५ सालीं स्थापन झाला आणि १९२८ पासून १९४४ पर्यंत त्याचें मुख्य ठाणें आपल्या पुण्यासच होतें. पडलेल्या घरांचा साक्षीदार म्हणजे तलाठ्यानें केलेला पंचनामा. वादळाच्याच दिवशींचें वृत्तपत्र डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टींना उत्तम साक्षीदार असतें. परंतु एकूण हानीचा आंकडा त्या दिवशीं कोणाच्याच हातीं नसतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दहा ठिकाणीं एकच वाक्य आढळलें, पण नऊंनीं तें दहाव्यावरून उतरविलें असेल, तर साक्षीदार एकच धरावा.

दुसरा प्रश्न : माप कोणतें? ‘निसर्ग’ वादळाच्या वाऱ्याचा कमाल वेग कोठें ताशीं ११० किलोमीटर, तर कोठें ताशीं १४० किलोमीटर दिलेला आढळतो. यांतील एक आंकडा खोटाच असला पाहिजे, असें घाईनें म्हणूं नये. आपला हवामान विभाग तीन मिनिटांच्या वाऱ्याची सरासरी घेतो, तर अमेरिकन तज्ज्ञ एका मिनिटाची घेतात; शिवाय दोघांची अनुमानाची पद्धतही अगदीं एक नाहीं. थोडा वेळ मोजला कीं मोठा झोत हातीं लागतो, अधिक वेळ मोजला कीं तो सरासरींत मुरतो. शेर आणि किलो यांतील वजनें शेजारीं मांडून दुकानदारास लबाड ठरविण्यासारखेंच हें आहे. जो लेख वेगाबरोबर त्याचें मापही सांगतो, तो अधिक विश्वासाचा.

तिसरा प्रश्न : मर्यादा घालणारा शब्द गळला काय? ‘१८९१ नंतर जून महिन्यांत महाराष्ट्रावर आलेलें हें सर्वांत प्रबळ चक्रीवादळ’ असें ‘निसर्ग’ वादळाचें वर्णन केलें जातें. या वाक्यांतील ‘जून महिन्यांत’ हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. ते वगळले आणि ‘प्रबळ’ हा शब्दही पुसला, तर ‘१८९१ नंतर महाराष्ट्रावर प्रथमच आलेलें वादळ’ असें वाक्य उरतें, आणि तें साफ खोटें आहे. नोव्हेंबर १९४८ मध्यें मुंबईस चक्रीवादळाचा तडाखा बसला होता. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आलें होतें. खऱ्या वाक्यांतील एखादा शब्द गळल्यानें असत्य कसें जन्मतें, हें व्याकरणाच्या तासालाही शिकण्यासारखें आहे.

चौथा प्रश्न : हिशेब जुळतो काय? ६ जून १८८२ रोजीं मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ येऊन एक लाख माणसें दगावलीं, ही गोष्ट वर्षानुवर्षें एका यादींतून दुसऱ्या यादींत उतरविली जात होती. आतां पाटीवर साधें गणित मांडा. १८८१ च्या शिरगणतींत मुंबई शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. त्यांतून एक लाख माणसें गेलीं असतीं, तर दर आठांतील जवळजवळ एक माणूस एका दिवसांत नाहींसा झाला असता. त्या काळीं मुंबईंत कुलाब्याची वेधशाळा होती, दैनिक वृत्तपत्रें होतीं. पुण्यास ‘केसरी’ आदल्याच वर्षीं सुरू झाला होता. एवढा अनर्थ त्यांच्या नजरेंतून सुटणें शक्य होतें काय? कोलंबिया विद्यापीठाचे ॲडम सोबेल व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईच्या वादळांविषयींचा आपला अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांच्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकही होते. १८८२ चें तें वादळ मुळीं झालेंच नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

ही गोष्ट ऐकून हंसूं येतें. पण तिचा परिणाम हंसण्यासारखा नाहीं. खोटा आंकडा दोन्हीकडून घात करतो. जो त्यावर विश्वास ठेवतो, तो साध्या वादळाच्या सूचनेनेंही गांगरून जातो. ज्याला त्याचें खोटेपण कळतें, तो उलट म्हणूं लागतो कीं, आपल्या किनाऱ्यास भय नाहींच. परंतु मुंबईला चक्रीवादळाचा धोका आहे, हें त्याच संशोधकांनीं सांगितलें होतें, आणि पुढच्याच वर्षीं ‘निसर्ग’ वादळ मुंबईपासून थोड्याच अंतरावर किनाऱ्यास लागलें. एक कथा खोटी ठरली म्हणून समुद्र शांत झाला, असें होत नाहीं. सूचना ऐकून पत्र्यावर वेळेवर दगड ठेवणारा आणि मुलांना पक्क्या भिंतीच्या घरांत हलविणारा माणूस खऱ्या माहितीवरच उभा असतो.

पांचवा प्रश्न : लेखांत काय नाहीं? हा सर्वांत अवघड, कारण जें लिहिलेलेंच नाहीं, तें डोळ्यांना दिसत नाहीं. लेखांत मुंबईला किती ओळी मिळाल्या, श्रीवर्धनला किती आणि मावळाला किती, त्या मोजून पाहा. मुंबई त्या दिवशीं पुष्कळ अंशीं बचावली. झळ लागली ती दक्षिणेकडील गांवांना व घाटमाथ्याला. मोठ्या शहराचें नांव मोठें म्हणून तेथील पडलेल्या फांदीचें वर्णन व्हावें आणि पवनेच्या किंवा इंद्रायणीच्या खोऱ्यांतील उघड्या पडलेल्या घराचा उल्लेखही नसावा, तर त्या लेखांतील प्रत्येक वाक्य खरें असूनही एकंदर चित्र वांकडें होतें.

अशी उणीव दिसली तर ती भरून काढण्याचा अधिकार विकिपीडियावर तुम्हांलाही आहे. मात्र ‘माझ्या आजीनें सांगितलें’ एवढा आधार तेथें चालत नाहीं. प्रसिद्ध झालेला व दुसऱ्यास तपासून पाहतां येईल असाच आधार तेथें लागतो. यास्तव आजीची आठवण टाकून द्यावी, असें मात्र नव्हे. ती हकीकत गांव, दिवस आणि वेळ यांसह लिहून काढावी. मग ४ व ५ जून २०२० चीं वृत्तपत्रें ग्रंथालयांत काढून ती ताडून पाहावी. जें जुळेल तें आधारासह लेखांत घालावें. जें जुळणार नाहीं, तें आपल्या वहींत जपून ठेवावें, कारण आज ज्याला आधार नाहीं, त्याला उद्यां मिळूं शकेल.

पालकांस आमची विनंति अशी कीं, येत्या सुटींतील एक संध्याकाळ या कामीं द्यावी. मुलानें ‘निसर्ग’ वादळावरील लेख मोठ्यानें वाचावा, घरांतील मोठ्यांनीं ऐकावा, आणि ज्या वाक्यावर कोणीही ‘हें कशावरून?’ असें विचारील, त्या वाक्याखालीं रेघ ओढावी. शेवटीं रेघा मोजाव्या. मग त्यांपैकीं एका तरी वाक्याचा मूळ आधार शोधून, तो वहींत तारखेसह लिहून, शाळा उघडतांच वर्गशिक्षकांस दाखवावा.